सासूबाईंच्या काड्या

आपल्या नजरेतून काही सुटत नाही, असं चष्मेवाल्याचं म्हणणं होतं आणि ते तो रोज कुणाला ना कुणाला ऐकवत असे. समोरून येणारा माणूस दुकानाची पायरी कशी चढतो यावरून त्याचा नंबर ओळखायचा, हा त्याचा आवडता खेळ. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत हा "उजवा जास्त, डावा कमी" असं पुटपुटायचा, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. त्यामुळे लोकांचा त्याच्यावर विश्वास होता आणि त्याचा स्वतःवर त्याहून जास्त.

एकच गोम होती. पंचेचाळिशी उलटल्यापासून त्याला स्वतःला जवळचं दिसत नव्हतं. आधी तो पेपर हात लांब करून वाचायचा. मग हात पुरेनासा झाला, तेव्हा बातम्यांत काही राम राहिला नाही असं जाहीर करून त्यानं पेपरच बंद केला. जवळचा चष्मा त्यानं करून घेतला होता, पण तो दुकानाच्या खणात असायचा. फ्रेमचे बारीक स्क्रू बसवताना गिऱ्हाइकाकडे पाठ करून तो डोळ्यांवर चढायचा आणि लगेच खणात परत जायचा. चष्मेवाल्यानंच चष्मा लावला तर दुकानाची शोभा काय राहिली, असा त्याचा हिशेब.

त्याच्या सासूबाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहायच्या आणि काडीकिडे पाळायच्या. लोक मांजर पाळतात, पोपट पाळतात. सासूबाईंनी एका मोठ्या काचेच्या पेटीत वाळक्या काडीसारखे दिसणारे, दिवसभर काडीसारखेच पडून राहणारे किडे पाळले होते, आणि त्यांना त्या "माझ्या मुली" म्हणायच्या. जावयाला या प्रकाराचं हसू यायचं, पण ते तो मिशीत ठेवायचा. सासूबाईंनी हजारो विद्यार्थ्यांना नुसत्या बघण्यानं गप्प बसवलं होतं. जावई तर एकच होता.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तशी ती पेटी मुलीच्या घरी आली. हॉस्पिटलात जाण्याआधी सासूबाई दुकानात येऊन बसल्या आणि त्यांनी जावयाला सगळं नीट समजावून सांगितलं. पेरूची ताजी पानं रोज घालायची, पाण्याचा हलका फवारा मारायचा. पेटीतली एकही वाळकी काडी काढायची नाही, कारण कुठली काडी आणि कुठली मुलगी हे भल्याभल्यांना कळत नाही. या मुली पुढचे दोन पाय डोक्याच्या पुढे सरळ ताणून ठेवतात, म्हणजे पाय आणि शरीर मिळून एकच काडी होते. वारा आला की फांदीबरोबर डुलतात. हात लावला तर मेल्यासारख्या ताठ होऊन खाली पडतात. पाखरानं पाय धरलाच, तर तो पाय तिथंच सोडून देतात आणि पुढची कात टाकताना नवा फुटतो. तळाशी जो कचरा दिसतो त्यात बियांसारखी अंडी असतात, तोही टाकायचा नाही.

"आणि सगळ्या माद्याच आहेत," सासूबाई म्हणाल्या. "यांचं नराशिवाय काही अडत नाही."

हे शेवटचं वाक्य जावयानं मनाला लावून घेतलं. बाकीचं त्यानं अर्धवट ऐकलं, कारण तो सासूबाईंचा चष्मा नीट करत होता. त्या आल्या की चष्म्याची तक्रार असायचीच. फ्रेम वाकडी झालीय, सगळं तिरपं दिसतं, जरा सरळ करून द्या. दर वेळी फ्रेम त्याला सरळच दिसायची. तरी तो ती गरम करायचा, थोडी दाबायचा, स्क्रू आवळायचा आणि पुसून परत द्यायचा. म्हाताऱ्या माणसांच्या समाधानाचीही एक फी असते आणि ती आपण घेत नाही, असं तो बायकोला मोठेपणानं सांगायचा.

बायको पोस्टात होती. ऑपरेशनच्या दिवशी ती रजा घेऊन आईजवळ थांबली आणि हा घरी एकटा. पेटीकडे बघून त्याच्या जिवाची तगमग होऊ लागली. काच पुसणं हा ज्याचा धंदा, त्याच्या घरात पाण्याच्या डागांनी आंधळी झालेली काच! आत वाळक्या काटक्यांचा ढीग, तळाशी गाळ. सासूबाईंच्या मुली बघायला त्यानं काचेला नाक लावलं, तर धुक्यात बघितल्यासारखं झालं. तो मागे सरकला, तर नुसती काटक्यांची मोळी दिसली. पानांवर एक हिरवं काहीतरी बसलं होतं, तेवढं त्यानं ओळखलं आणि बाकीच्याही पानांतच कुठंतरी असतील असं ठरवून टाकलं.

मग तो कामाला लागला. तरीही बेसावधपणे नाही, हे सांगायलाच हवं. प्रत्येक काटकीला त्यानं आधी बोट लावून पाहिलं. जिवंत असेल तर पळेल, हा त्याचा नियम. एकही पळाली नाही. उलट काही काटक्या हात लावताच टपकन खाली पडल्या आणि ताठ राहिल्या, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. त्यानं सगळी मोळी गॅलरीतून खाली कुंपणाच्या झुडपांत टाकली, तळाचा गाळ खत म्हणून कुंड्यांत ओतला आणि काच आतून-बाहेरून अशी चकाचक केली, की बायको आल्यावर पेटीला काच आहे की नाही हे हात लावून बघेल.

दुसऱ्या दिवशी दुकानात स्क्रू बसवायला त्यानं खणातला चष्मा लावला, तेव्हा शर्टाच्या बाहीला एक बारीक काडी चिकटलेली दिसली. सहज म्हणून त्यानं ती सोडवून भिंगाखाली धरली.

तिला गुडघा होता.

गुडघ्याच्या खाली पोटरी होती आणि टोकाला दोन इवल्याशा आकड्या. चष्मेवाला बराच वेळ भिंगावर तसाच वाकून राहिला. समोरच्या गिऱ्हाइकानं आपल्या फ्रेमचं काही गंभीर झालंय का, असं घाबरून विचारलं. तो दुकान उघडं टाकून घराकडे पळाला.

कुंपणाजवळ माळी कात्री पुसत उभा होता. झुडपं सकाळीच छाटली होती आणि छाटलेलं सगळं गाडीत भरून गेलंही होतं. कुंपण कसं टोपीसारखं सपाट झालं होतं. माळ्यानं, छान झालंय ना, असं विचारलं आणि चष्मेवाल्यानं मान हलवली. धावत वर येऊन पेटीत पाहिलं, तर पानांवरचं ते हिरवंही किडा नव्हतंच. पेरूच्या पानाचा देठ होता.

तेव्हाच बायकोला सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण बायको संध्याकाळी थकून आली. ऑपरेशन नीट झालं होतं, आईनं शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न पेटीचाच विचारला होता, आणि ती हसत हसत हे सांगत होती. हा कसा सांगणार? त्यानं तोवर पेरूच्या बारीक फांद्या तोडून, पकडीनं वाकवून, पेटीत पुन्हा एक मोळी रचून ठेवली होती. बायकोनं काचेला डोळा लावला आणि विचारलं, कुठं आहेत त्या?

"आहेत की," तो म्हणाला. "दिसल्या तर त्यांच्या लपण्याला अर्थ काय राहिला?"

बायको जरा वेळ बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "अहो, हो. ती हलली बघा एक."

त्याला क्षणभर आनंद झाला आणि पाठोपाठ ती फांदी आपणच पकडीनं वाकवलीय हे आठवलं.

मग शेजारी बघायला येऊ लागले. वरच्या मजल्यावरच्या काकूंना तीन दिसल्या, त्यातली एक त्यांच्या मते स्वभावानं भांडखोर होती. तळमजल्यावरच्या निवृत्त ड्रायव्हरांनी एकीला जांभई देताना पाहिलं. ज्याला दिसायची नाही, तो दुसऱ्याला दिसली म्हटल्यावर डोळे बारीक करायचा आणि त्यालाही दिसायची. दुकानात हीच माणसं पुढ्यातलं भलंमोठं अक्षर वाचताना अडखळायची, आणि इथं नसलेल्या किड्याच्या मिशा मोजत होती. एरवी चष्मेवाल्यानं या गोष्टीवर महिनाभर विनोद केले असते. आता तो कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांना पाणी देत होता.

सासूबाईंचा हॉस्पिटलातून रोज फोन यायचा. त्या विशेषतः लंगडीची चौकशी करायच्या. ही त्यांची सगळ्यात लाडकी, मागचा एक पाय गमावलेली आणि नवा फुटत असलेली. जावयानं सांगून टाकलं की पाय चांगला वाढलाय, काल तिनं कातही टाकली.

"खाल्ली ना?" सासूबाईंनी विचारलं.

"छे छे, मी लगेच उचलून टाकली."

"अहो, ती स्वतःची कात खाऊन टाकते. मागे काही खूण राहायला नको म्हणून. तुमच्या हाती कशी लागली?"

त्यानं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. शेवटी तो म्हणाला, "उरलेली." सासूबाईंनी फोन ठेवून दिला. औषधांची गुंगी असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

त्या घरी येणार म्हटल्यावर त्याची भूक गेली. गुडघा बरा होईपर्यंत त्या मुलीकडेच राहणार होत्या आणि त्यांची खुर्ची पेटीसमोरच मांडली होती. वॉकरच्या आधारानं त्या आल्या, बसल्या आणि वाकून पेटीत पाहू लागल्या. जावई दारात उभा राहून पुढच्या बोलण्याची वाट बघत होता. दुरून उडत चाललेलं फुलपाखरू नुसत्या झेपेवरून ओळखणारी बाई ती. एका नजरेत सगळं बाहेर येणार होतं.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "ही बघा," त्या पकडीनं वाकवलेल्या एका फांदीकडे बोट करून म्हणाल्या. "पुढचे पाय कसे जोडून ठेवलेत. छान ठेवलंत हो यांना. मला वाटलं नव्हतं."

त्या दिवशी तो पोटभर जेवला. सुटलो, असंच त्याला वाटलं. रात्री ढाराढूर झोपलाही.

सकाळी दुकानात एक आजोबा तपासणीला आले. खुर्चीत बसले आणि तक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ घडाघडा म्हणून गेले. चष्मेवाल्यानं सवयीनं तक्ता उलटा केला. आजोबा तीच ओळ पुन्हा म्हणाले. बाहेर बाकावर बसल्या बसल्या त्यांनी आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून ती पाठ केली होती. गाडी चालवण्याचा परवाना जाईल या भीतीनं. चष्मेवाला हसला आणि एकाएकी त्याचं हसू मावळलं. त्याच्या डोळ्यांपुढे सासूबाईंचं बोट आलं, त्या फांदीकडे रोखलेलं.

त्याही पाठ केलेलंच म्हणत होत्या.

आजोबांना दुसऱ्या दिवशी या म्हणून त्यानं दुकान बंद केलं. घरी सासूबाई पेटीजवळच्या खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर त्यांच्यासाठी आणलेला, न उलगडलेला पेपर. तो समोर स्टूल ओढून बसला आणि त्यांना एक डोळा हातानं झाकायला सांगितलं. का म्हणून, असं त्यांनी विचारलं, पण झाकला.

"आई, खिडकीचे गज सरळ दिसतात का?"

"सरळ कसे दिसतील?" सासूबाई म्हणाल्या. "तुमचे गज मुळातच वाकडे आहेत. मधे तर कुणी पिळल्यासारखे."

गज सरळ होते. चष्मेवाल्याला ते फार स्पष्ट दिसत होते. डोळ्याच्या आतला पडदा खराब व्हायला लागला की सरळ रेघ वाकडी दिसते, मधलं पुसट होत जातं आणि कडेचं तेवढं शिल्लक राहतं, हे त्याला शिकाऊ असल्यापासून माहीत होतं. दुकानाच्या भिंतीवर अशा डोळ्याचं चित्र टांगलेलं होतं. आणि ही बाई त्याच चित्राखाली बसून वर्षभर सांगत होती की सगळं तिरपं दिसतं, आणि तो स्क्रू आवळत होता.

आता डॉक्टरांकडे चला म्हणायचं, तर तुम्हाला कसं कळलं असं त्या विचारणार. तेव्हा त्यानं आधी तेच सांगितलं. पेटीतल्या काड्या नुसत्या काड्या आहेत. मुली मी फेकल्या. फोनवर बोललो ते खोटं होतं. लंगडीचा पाय मी मनानं वाढवला.

सासूबाईंनी हात पुढे करून पेटीचं झाकण चाचपडत उघडलं, ती फांदी उचलली, बोटांमधून एकदा फिरवली आणि परत ठेवून दिली.

"सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

"मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. काल दिसेनात, म्हणून म्हटलं आहेत म्हणून टाकावं. नाही म्हटलं असतं तर तुम्ही दोघं मला एकटी राहू देणार नव्हतात." त्या खिडकीकडे वळल्या. "कुणाच्या लक्षात यायचं नाही, असं वाटत होतं."

"माझ्या यायला हवं होतं," तो म्हणाला. त्यांनी पेटीचं झाकण लावून घेतलं. तसं काही नाही, असं त्या म्हणाल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची मिळाली. पण सासूबाईंनी त्याला त्याच संध्याकाळी कुंपणाकडे पाठवलं. किडे शोधू नका, कुरतडलेली पानं शोधा, असं बजावून. तो दुकानाच्या खणातला चष्मा नाकावर चढवून, गुडघे टेकून झुडपात शिरला. चष्मेवाला चष्मा लावून जमिनीवर रांगतोय हे बघून इमारतीतले लोक गोळा झाले. लेन्स पडली असणार, असा सगळ्यांचा अंदाज. मग कुणी पाऊल टाकेना, जो तो जागच्या जागी उभा राहून खाली बघू लागला. ड्रायव्हरांनी टॉर्च आणला. काकू वरून ओरडून विचारत होत्या, उजवी की डावी? त्यानं शेवटी सांगून टाकलं की काडीकिडे शोधतोय, तुम्ही बघायला आलात तेव्हा पेटीत नव्हतेच. मग काकू वरून म्हणाल्या की मला तेव्हाच शंका आली होती.

अंधार पडायच्या सुमाराला पाण्याच्या पाइपामागे, कात्रीतून वाचलेल्या एका फांदीला एक सापडली. दोन पाय नव्हते, पण उरलेल्यांनी तिनं फांदी घट्ट धरली होती. तो तिला फांदीसकट वर घेऊन आला. सासूबाईंनी तळहात पुढे केला, ती त्यावर चढली आणि त्यांनी मान जरा तिरकी करून, कडेच्या नजरेनं तिच्याकडे पाहिलं.

"ही लंगडी नव्हे," त्या म्हणाल्या. "चालेल. एक असली तरी पुरते."

डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या डोळ्याचं गेलं ते गेलं. उजवा इंजेक्शनं देऊन राखता येईल. वर्षभर आधी आला असतात तर दोन्ही राखता आले असते. हे त्यांनी नुसतंच सांगितलं, कुणाला बोल लावला नाही. चष्मेवाल्याला वाटलं, लावला असता तर बरं. येताना रिक्षात सासूबाईंनी पेरूची पानं संपली असतील याची आठवण करून दिली.

त्या आता मुलीकडेच राहतात. ती एकटी मादी दोन महिन्यांनी गेली, पण जाण्याआधी पेटीच्या तळाशी अंडी टाकून गेली. कुंड्यांत ओतलेली मातीही चष्मेवाल्यानं चमच्या-चमच्यानं गोळा करून पेटीत परत आणली. पिल्लं कधी निघतील ते सांगता येत नाही. काहींना वर्षही लागतं. तो रोज दुकानातून आल्यावर पेटीसमोर बसतो आणि आत काय दिसतंय ते सासूबाईंना सांगतो.

परवा तो एकदम ओरडला. पानाच्या मागे इवलंसं काहीतरी होतं, सुईएवढं, पुढचे पाय ताणलेलं आणि संथ डुलणारं. सासूबाई पुढे सरकून बसल्या. त्यानं सगळं सांगितलं. रंग कसा फिकट तपकिरी आहे, मधे गाठी कशा आहेत, वाऱ्यातल्या फांदीसारखी कशी पुढेमागे होतेय. सासूबाई मान तिरकी करून ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा फुलला होता. तेवढ्यात बायको खोलीत आली आणि उकडत नाहीये म्हणून तिनं पंखा बंद केला.

डुलणं हळूहळू कमी झालं आणि थांबलं.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं. "गप्प का झालात?"

त्याला पुष्कळ काही सांगता आलं असतं. "काडी आहे," तो म्हणाला.

सासूबाई खुर्चीला पाठ टेकून म्हणाल्या, "बरं. मग पानांचं सांगा."

आणि आयुष्यभर लोकांना खुर्चीत बसवून "काय दिसतंय ते सांगा" असं विचारत आलेला तो माणूस पेरूच्या एका पानाकडे बघत राहिला. कुठून सुरुवात करायची, हे त्याला काही केल्या सुचेना.